आबांच्या नावाचा भुंगा

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, चहा सांडेल. आणि मी काही लाजत-मुरडत सांगणार नाही. चूक केली ती छाती पुढे काढून केली!

मी भुंग्यांवर पीएचडी करतो. दक्षिण आफ्रिकेतल्या फुलभुंग्यांची एक प्रजाती, तिच्यात जाती किती, हे ठरवायचं. भुंगे आले ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर पोटाकडून चिकटवलेले. सहा महिने भिंग डोळ्याला लावून मी निकाल दिला: काळे ती एक जात, तपकिरी ती दुसरी. आणि तपकिरी तर अगदी नवी! तिला आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, नाव द्यायचं ठरवलं. आमच्या गावी, केदारखेड्यात, पेढेसुद्धा वाटले.

मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, विचारलं होतं, नर-मादीचा फरक तपासला ना? मला रागच आला. मेंढरांत वाढलेल्या माणसाला हे विचारायचं? चार ओळींत चांगलं सुनावलं आणि लेख छापायला पाठवून दिला.

मग भुंग्यांची पेटी घेऊन गावी गेलो. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. त्यांनी चष्मा पुसला, भुंगे निरखले, कुठं सापडले ते विचारलं. मी म्हटलं, एकाच झाडावर, एकाच दिवशी.

"मंग एकच कळप झाला की. खालून पाह्यलं का?"

"न्हाई. चिकटवलेत ते."

"कोकरू घेताना आधी उचलून खालून बघतो आपण. तू सहा महिने नुसती पाठच पाहून राह्यला?"

त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी चहाच्या आधणाची वाफ देऊन दोन भुंगे सोडवले. उलटे केले. काळ्याच्या पोटावर सरळ खाच होती. ही नराची खूण. तपकिरीचं पोट सपाट. घाईघाईनं बाकीचे सोडवले. सगळ्यांचं तेच! माझी नवी जात म्हणजे त्याच काळ्यांच्या बायका हो!

"माझं नाव मादीला देऊन राह्यला का?" आबा शांतपणे म्हणाले. आई पदर तोंडाला लावून आत पळाली.

तरी मी मान खाली घातली नाही. लेख परत मागवला आणि मॅडमना ठसक्यात कळवलं, चूक तुम्ही नाही, आमच्या आबांनी पकडली, तीसुद्धा भिंगाशिवाय.

दोन मिनिटांत उत्तर आलं: "आबांना विचारा, पीएचडी करतात का. माझ्याकडे जागा एकच आहे, तुमची."