एकोणीस मिनिटांचं गाणं

आमच्या नाशिकच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा कामगार संघटनेचं काम करायचे, आणि पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे. तिथेच मी शिकले की आपलं म्हणणं एका पानात बसलं पाहिजे. बसत नाही ते कापायचं.

मनमाडला बाबांचे एक मित्र राहतात. रेल्वेत सिग्नलच्या दुरुस्तीचं काम करणारे हे काका एका अमेरिकन बँडचे वेडे आहेत. हा बँड एकच गाणं दर कार्यक्रमात वेगळं वाजवतो. सुरुवात ठरलेली, पुढे वाट फुटेल तसं. श्रोत्यांनी ते खुशाल रेकॉर्ड करावं, फक्त विकू नये. मग जगभरातली माणसं ही रेकॉर्डिंगं एकमेकांना फुकट देतात. सोबत चिठ्ठी असते: माइक कुठे होता, कुणी रेकॉर्ड केलं, कुणाच्या हातून कुणाकडे आलं.

मला हे फार पटलं. संगीत असंच लोकांचं असायला हवं. काकांच्या कपाटात त्याच बँडच्या, स्टुडिओत केलेल्या सीडी होत्या, त्यांना मी हातही लावला नाही. हा बाजारातला माल, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले.

काका हसले. "पुढारी, वाजवणारे तेच हायेत ना?"

जाताना त्यांनी मला एका कार्यक्रमाची प्रत दिली. अमेरिकेतल्या एका निवृत्त शिक्षकाने ती स्वतः रेकॉर्ड करून त्यांना पाठवली होती. त्यातलं एक गाणं एकोणीस मिनिटांचं. मला ते संघटनेतल्या आमच्या अभ्यासगटाला ऐकवायचं होतं, पण एकोणीस मिनिटं कोण ऐकणार? रविवारी कॉम्प्युटरवर बसून मी ते कापलं. वाद्यं जुळवणं गेलं, टाळ्या गेल्या, लांबलेलं वादन गेलं. मधे गिटार वाट चुकल्यासारखी घुटमळते आणि ड्रमवाला नुसता ठेका धरून राहतो, ती दोन मिनिटंही गेली. साडेचार मिनिटं उरली. चिठ्ठी मात्र काकांच्या नावासकट तशीच ठेवली. श्रेय द्यायला हवं, असं मला वाटलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरत गेलं आणि कुणीतरी थेट या देवाणघेवाणीच्या वेबसाइटवर चढवलं. त्या शिक्षकाने काकांना लिहिलं: मी तुम्हाला अख्खं दिलं होतं, तुमच्या नावाने हे तुकडे कसे फिरताहेत?

काकांनी मला फोन केला नाही. बाबांकरवी बोलावून घेतलं. मी गेले तर त्यांनी सीडी लावली. तेच गाणं, स्टुडिओतलं, जेमतेम पाच मिनिटांचं. प्रत्येक वाद्य आपल्या जागी. मला ते आवडलं, आणि त्याचाच राग आला.

"छोटं हवं होतं तर हे होतं की," काका म्हणाले. "वाजवणाऱ्यांनी जीव लावून, त्याच मापाचं बांधलंय. तू ह्याला माल म्हणालीस. आन् लोकांनी विश्वासानं दिलेलं घेऊन त्याचा माल तू केलास. तोही माझ्या नावावर."



मग त्यांनी अख्खं गाणं लावलं. ती दोन मिनिटं मी पहिल्यांदा नीट ऐकली. गिटार खरंच चुकली होती. पण बाकीचे तिला मागे टाकून पुढे गेले नव्हते. आमच्या बैठकीत कुणी असं अडखळलं की आम्ही 'मुद्द्यावर या' म्हणतो, आणि त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकतो. मी तर हे कितीदा केलंय.

तिथेच बसून मी त्या शिक्षकाला पत्र लिहिलं. कापलं मी, काकांना न विचारता, त्यांचं नाव ठेवलं तेही मीच. काकांनी वाचलं आणि 'चांगल्या हेतूने' हे माझे शब्द खोडायला लावले.

दोन महिने त्या शिक्षकाकडून काहीच आलं नाही. काका त्याबद्दल बोलत नसत, मीही विचारत नसे. मग एक नवं रेकॉर्डिंग आलं. काकांनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि त्या शिक्षकाची अटही सांगितली: हे त्या मुलीला द्यायचं नाही.

"मी पाळणार हाय," ते म्हणाले.

पाळाच, मी म्हणाले. अट बरोबर आहे. ते रेकॉर्डिंग मी अजून ऐकलेलं नाही.