पळून जाण्याची दाट शक्यता

न्हाव्याच्या हातात वस्तरा आणि गिऱ्हाईकाच्या गालावर साबण असतानाच दोन अधिकारी दुकानात शिरले. न्हावी परदेशातून आलेला; त्याच्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली होती. नव्या परवान्याचा अर्ज सरकारदरबारी निवांत झोपला होता.

"चल," थोरला अधिकारी म्हणाला.

"येतो. एवढा एक गाल राहिलाय."

अधिकारी बाकावर बसले. न्हाव्याने गाल केला, मिशी सारखी केली, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला आणि मग हात पुढे केले. अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक सोडायचं नाही, हे बापाने त्याला चापट्या मारून शिकवलं होतं. अटकेचा अपवाद बापाला सुचला नव्हता.

अधिकाऱ्यांकडे वॉरंट नव्हतं. परदेशी माणसाला वॉरंटशिवाय धरायचं, तर वॉरंट आणेपर्यंत तो पळेल असं मानायला कारण लागतं. म्हणून अहवालात लिहिलं होतं: पळून जाण्याची दाट शक्यता.

"आपण या अटकेलाच आव्हान देऊ," कोठडीत वकीलबाई म्हणाल्या.

"सरकारला? बाई, मी न्हावी आहे."

"मग? न्हाव्याने विचारू नये असं कुठे लिहिलंय?"

बायको भेटायला आली. "पळाला नाहीत, तरी पळणार म्हणून आत. पळाला असतात तर निदान घरी तरी दिसला असतात," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडली. त्याला देशाबाहेर धाडलं, तर इथे शाळेत जाणाऱ्या दोन मुलींना घेऊन ती एकटी उरणार होती.

कोर्टात न्यायाधीश आले: किरकोळ म्हातारा, कानांतून केस बाहेर. न्हाव्याचा हात शिवशिवला.

"तो दाढी करत होता तेव्हा तुम्ही काय करत होता?" न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला विचारलं.

"बसलो होतो, साहेब."

"दाराशी?"

"पंख्याखाली. मासिक चाळत."

"मग तो पळेल असं कशावरून वाटलं?"

अधिकाऱ्याने कपाळ पुसलं. न्हावी बघत राहिला. वर्दी प्रश्न विचारते, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. वर्दीला प्रश्न विचारला जातो, आणि ती उभी राहून उत्तर शोधते, हे तो आज पाहत होता.

अटक बेकायदा ठरली. त्याला सोडायचा हुकूम झाला. परवान्याचा अर्ज अर्थातच अजून झोपलेला होता.

बाहेर पायऱ्यांवर तो उभाच राहिला.

"चला की. पोरी वाट बघतायत," बायको म्हणाली.

"हो," तो म्हणाला, पण हलला नाही. "माझ्याबद्दल विचारलं गं त्या वर्दीवाल्याला. माझ्याबद्दल."