सुखराम वाकला

सुखराम वाकला की जोडी जिंकली. बालाघाट जिल्ह्यात पटाचा नाद असलेल्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल, आणि वर आज्याची शपथ घेईल. धान कापून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळी झाली, की गावोगाव बैलांच्या शर्यती लागतात, त्याला इकडे पट म्हणतात. आणि पट म्हटला, की लोक बैलांआधी सुखरामला शोधतात. तो बांधलेल्या जोड्यांमधून हात मागे बांधून फिरतो. कोणाला काही विचारत नाही, बोलत नाही. मग एखाद्या जोडीपुढं थांबतो, वाकतो आणि बैलाच्या पायाला हात लावतो. झालं! लोक ओरडतात, "सुखराम पाया पडला!" आणि दहापैकी आठ वेळा तीच जोडी पहिली येते.

आता खरी गोष्ट सांगतो. सुखराम आयुष्यात एकाही बैलाच्या पाया पडला नव्हता. तो वारासिवनीच्या बाजारात चाळीस वर्षं बैलांना नाल ठोकत होता, आणि वाकून तो फक्त खूर बघायचा. अंगठ्यानं दाबून, गरम आहे का, कुठे फाटला आहे का, एवढंच. बाकी चाल, छाती, नजर त्यानं लांबूनच बघितलेली असायची, खूर शेवटी. पहिल्यांदा कोण्या टवाळानं "पाया पडला" अशी आवई उठवली, तेव्हाच त्यानं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बरं वाटलं त्याला! पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, नाल ठोकायचा हातोडा खुंटीला लागला, आणि या वाकण्याशिवाय त्याच्याजवळ मानाचं काही उरलं नाही.

घरात त्याची बायको तुळसाबाई तेवढी त्याला ओळखून होती. "गावच्या बैलाचे खूर पाहत फिरते हा मानूस," ती म्हणायची, "अन् घरचा पोरगा पटात धावते, त्याच्या जोडीले कधी ढुंकून पाह्यलं काय?"

तेही खरंच होतं. त्यांचा पोरगा नागसेन सहा वर्षांपासून धुरकरी होता, म्हणजे छकड्यावर उभं राहून जोडी हाकायचा. लालबर्ऱ्याकडच्या शालिकराम पटेलांची जोडी त्याच्या हाती होती. एक रॉकेट, दुसरा कबऱ्या. सहा वर्षांत सुखराम त्या जोडीकडे एकदाही गेला नाही. गेलो आणि वाकलो, तर लोक म्हणतील घरचा म्हणून वाकला; नाही वाकलो, तर पोरगा म्हणेल बापानंच नाकारलं. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असा त्याचा हिशेब. बापलेकांत त्यावर एक शब्द कधी झाला नाही. आपल्याकडे बापलेक बोलतात कुठे?

यंदाचा पट मोठा होता. नागसेनची जोडी पहिल्यांदाच फायनलला आली होती, समोर किरनापूरची जोडी. सकाळी डॉक्टर सगळे बैल तपासून गेला होता, सगळे ठणठणीत. दुपारी तीनचा सुमार असेल. सुखराम आंब्याखाली बांधलेल्या जोड्यांसमोरून नेहमीसारखा चालला होता. रॉकेटपुढून मान वळवून निघूनच जाणार होता, तेवढ्यात बैलानं पुढचा डावा पाय उचलला. जरासाच. टेकवला आणि पुन्हा उचलला.

सुखरामचे पाय जागच्या जागी थांबले. चाळीस वर्षांची खोड, ती काही घरचं-परकं बघत नाही. तो वाकला. खुराच्या दोन फाकांमध्ये अंगठा घातला, तर आत तव्यासारखं गरम! दाबलं तशी बैलाच्या अंगावरची कातडी थरथरली. आत काहीतरी खोलवर रुतलं होतं, सकाळी दिसण्यासारखं नव्हतं, आता दुपारच्या दोन फेऱ्या धावून ठणकायला लागलं होतं. अजून एक फेरी भरधाव धावला, तर हा पाय टेकणार नाही हे त्याला कळलं. तोंड वर करून तो "नागसेन" म्हणणार, तर पोरगा समोरच उभा. डोळे पाण्यानं डबडबलेले.

आणि तेवढ्यात बोंब उठली. "सुखराम काका झुक गये! काका झुक गये!"

मूठभर गुलाल त्याच्या तोंडावर आला. अजून एक आला. चार जणांनी त्याला खांद्यावर घेतलं. "अरे थांबा बे, आइका!" तो ओरडत होता, पण आपला आवाज त्याला स्वतःलाच ऐकू येईना. लोकांनी मिरवत नेऊन मंचावर उभं केलं. मंच शेवटाच्या टोकाला, आणि जोड्या सुटायच्या त्या पार तिकडच्या टोकाला, अर्ध्या किलोमीटरवर.

माइकवर बाबूलाल होता. पंधरा वर्षांपासून पटाची सगळी कॉमेंट्री तोच करायचा. त्यानं सुखरामच्या गळ्यात हार घातला आणि माइक पुढं केला. "काका, दो शब्द! पहली बार अपने बेटे के लिए झुके हैं! क्या बोलेंगे?"

समोर पाच हजार माणूस. एकदम चूप झालेला.

एवढंच बोलायचं होतं: बैल लंगडा आहे, धावू देऊ नका. पण ते बोललं की पुढचं बोलावं लागणार होतं. मी पाया पडलो नव्हतो, आजही नाही, कधीच नाही. आणि पोराचे ते डबडबलेले डोळे! सहा वर्षांनी मिळालेलं एका वाक्यात परत कसं घ्यायचं? सुखरामनं माइक तोंडाजवळ नेला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "सगळ्याइले जय भीम. धन्यवाद."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबूलालनं माइक घेतला, डीजे सुरू झाला. हाय रे कर्मा! अशा माणसाला काय म्हणावं?

फायनलच्या आधी लहान गटाच्या चार फेऱ्या होत्या. पहिली सुटली तेव्हा सुखराम मंचावरच खुर्चीत बसला होता, गळ्यात हार, आणि त्याला घाम फुटला होता. मंचाच्या पायथ्याशी प्रेमलालचं पानाचं टपरं होतं. त्याला एकच पाय. प्रेमलालही एके काळी धुरकरी होता. भरधाव पटात त्याच्या बैलाचा पाय मुडपला, छकडा उलटला आणि चाक मांडीवरून गेलं. आज तो तोंड वर करून हसला. "वा सुखराम भाऊ! आता तुहा पोरगा जितलाच समज."

सुखराम ताडकन उठला. "बाबूलाल, माइक दे! मले बोलाचं हाय."

"अभी नहीं काका, दौड़ चालू है!"

"अरे, बैल खराब हाय!"

"क्या? हौ हौ, बैल जबरदस्त है!" डीजेच्या दणदणाटात बाबूलालला एवढंच कळलं, आणि तो पुन्हा माइकवर किंचाळायला लागला.

मग सुखराम मंचावरून उतरला आणि चालायला लागला. धावता आलं असतं तर धावला असता, पण गुडघे बासष्ट वर्षांचे. जोड्या धावायच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना बांबूचं कुंपण, आणि कुंपणाला लोक चिकटलेले. पाऊल टाकलं की कोणी हात धरे, कोणी सेल्फी घेई, कोणी खरंच त्याच्याच पाया पडे. "सरका! सरका रे!" तो दोन्ही हातांनी माणसं बाजूला करत होता. दुसरी फेरी सुटली. धुळीचा लोट शेजारून गेला. अर्धी वाटही झाली नव्हती. गळ्यातला हार त्यानं ओढून फेकला. माइक हातात होता, अन् जय भीम करून आलास! तो स्वतःला शिव्या देत होता, चांगल्या मोठ्यानं, आणि बायका वळून बघत होत्या. तिसरी फेरी गेली. एका ठिकाणी बांधावरून पाय घसरला आणि तो हातांवर पडला. उठला. चौथी फेरी सुटल्याचा आवाज आला तेव्हा त्याला सुटायच्या जागेवरची लाल झेंडी दिसायला लागली होती.

"अब फायनल!" भोंगा ओरडला. "किरनापुर के सामने, शालिकराम पटेल की जोड़ी, धुरकरी नागसेन, जिनके बाप ने आज..."

सुखराम कुंपणाच्या बांबूखालून आत शिरला, आणि पट्टीच्या मधोमध, रॉकेट आणि कबऱ्याच्या तोंडासमोर जाऊन चक्क खाली बसला.

गोंधळ उडाला. झेंडीवाल्याचा हात वरच राहिला. शालिकराम पटेल धोतर सावरत धावत आले. चांगला माणूस, पण रागाचा पक्का. "सुखराम! भांग घेतली काय बे? उठ तिथून!"

"पटेल, बैल सोडा. रॉकेटचा डावा पाय गेला हाय. हे जोडी धावत नाई."

"आत्ता तर पाया पडला नं तू त्याच्या! साऱ्या दुनियेनं पाह्यलं!"

"पाया नाई पडलो." सुखरामला धाप लागली होती. "खूर पाह्यला."

"अन् आजवर पडला त्याचं काय?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "आजवर बी खूरच पाहो मी, पटेल. कधीच कोन्या बैलाच्या पाया पडलो नाई. तुमी म्हणत गेले, मी आइकत गेलो. मले गोड लागलं."

 मग कुंपणावरून कोणीतरी हसलं, आणि ते हसू पट्टीभर पसरत गेलं. "चालीस साल उल्लू बनाया काका ने!" "किरनापुरवालों से मिल गया बुड्ढा!" कोणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं, ते त्याच्या पाठीत बसलं. सुखराम हलला नाही. तो फक्त छकड्यावरच्या नागसेनकडे बघत होता. पोराचा चेहरा गुलालानं माखलेला, त्यावरचं काहीएक वाचता येत नव्हतं.

"नागसेन," पटेल म्हणाले, "तुह्या बापाले उचल अन् जोडी हाक. सकाळी डॉक्टरनं तपासली हाय. पाय खराब असता तं दोन फेऱ्या कसा धावला असता?"

नागसेननं बापाकडे पाहिलं. "बाबा, तुमी अंगठा घालून पाह्यला?"

"हौ."

"गरम हाय?"

"तवा हाय, लेका."

नागसेन छकड्यावरून उतरला. बैलाचा पाय उचलून बघितला नाही, दाबला नाही. सरळ जुवाशी गेला आणि रॉकेटच्या गळ्याची दोरी सोडायला लागला.

"अबे! अबे, काय करून राह्यला?" पटेलांचा आवाज चिरकला. "एकडाव पाह्य तं खरं!"

"बाबानं पाह्यलं नं, पटेल. मंग झालं."

किरनापूरची जोडी एकटीच धावली आणि जिंकली. बाबूलाल भोंग्यावरून काय काय बोलला, ते इथं सांगण्यासारखं नाही. पटेल बांधावर डोकं धरून बसले.

बापलेकांनी रॉकेटला आंब्याखाली आणलं. नागसेननं पाय गुडघ्यात वळवून धरला, सुखरामनं चिमटा घातला. तीनदा निसटला. चौथ्यांदा पू आणि रक्ताबरोबर बाभळीचा काटा बाहेर आला, बोटाच्या दोन पेरांएवढा. पटेल उठून जवळ आले, काटा तळहातावर घेऊन बघत राहिले, आणि बैलाच्या मानेवर हात फिरवायला लागले.

सुखराम पाण्यानं खूर धूत होता. मान वर न करता म्हणाला, "तुह्या मनाले लागलं असन. तुले वाटलं, बाप पाया पडला."

"मले कायले वाटते तसं?" नागसेन म्हणाला. "लहानपनी तुमच्यासंग मीच नाई वाकत होतो काय? तुमचा अंगठा खुरात जाये, ते माह्या डोयापुढंच. मले पयलेपासून माहीत हाय."

सुखरामचा हात थांबला. "मंग काही बोलला नाई कधी?"

"तुमाले गोड लागे नं."

"अन् आज? आज तुह्या डोयात पानी आलतं. म्या पाह्यलं."

नागसेननं पाय तसाच धरून ठेवला होता. "तुमी माह्या बैलाचा खूर पाह्यला, बाबा," तो म्हणाला. "सहा साल झाले, मी वाट पाहून राह्यलो."

 गुलाल, धूळ आणि घाम सुखरामच्या तोंडावर एक झाले होते, त्यात आता अजून काय मिसळलं, ते त्यानं बाहीनं पुसून टाकलं. तांब्यातलं उरलेलं पाणी रॉकेटच्या खुरावर ओतलं, आणि गुडघ्यांवरच सरकत कबऱ्याकडे गेला.

"धर याचा पाय," तो म्हणाला. "दोघाइचे मिळून अजून सात खूर राह्यले."