जांभळीवर चढलेला मी आणि खाली उभा शेजारी

मळवलीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आमच्या गावाची जांभळीची राई आहे. झाडं इतकी जुनी की आधी ती उगवली आणि डोंगर नंतर आला, असं मी कुसगावच्या हॉटेलात गिऱ्हाइकांना बेधडक सांगतो. जांभळं पिकली की सगळं गाव एकाच दिवशी ती उतरवतं. खाली बाया जुन्या लुगड्यांचा शिवलेला झोळ ताणून धरतात, वर चढलेल्यानं फांदी हलवायची. वाटे सगळ्यांना सारखे. पण प्रत्येक झाडावर चढायचा मान एकेका घराचा. त्या घरातल्या कुणी चढून फांदी हलवली नाही, तर मान शेजारच्या घराकडं जातो. कायमचा.

राईतलं सगळ्यांत उंच झाड आमचं. वडील चाळीस वर्षं चढले. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाटेवरून ते मला एवढंच म्हणाले, "झाड जाऊ देऊ नको."

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरातला माणूस. दारातून आधी पोट आत येतं, मग मी. तरी राईत पोचताच जाहीर केलं, की मी नारळावरसुद्धा एका हातानं चढतो, दुसऱ्या हातात चहाचा कप असतो.

झोळ धरलेली एक मावशी म्हणाली, "कप ठेव खाली अन् चढ. आमचं हात भरून आलं."

चढलो. तीन पुरुष उंचीवर एक बेचकं लागलं. तिथून मला अर्धं कोकण दिसलं. मग खाली बघितलं, ते बघायला नको होतं. जांभळीची फांदी मुळात ठिसूळ. ती पायाखाली जराशी कुरकुरली, मला डोंगर फुटल्यासारखं ऐकू आलं. खोडाला मिठी मारून बसलो.

"काय झालं रं?" मावशी.

"देखावा बघतोय."

"बघ बघ. दिस मावळायच्या आत फांदी हलली तर बरं."

तेवढ्यात शेजारी पुढं आला. माझ्याच वयाचा. मी तसाच उतरलो असतो तर झाड त्याच्याच घरात जाणार होतं, आणि त्याचा या झाडावर किती वर्षं डोळा आहे ते अख्ख्या मावळाला ठाऊक. शिवाय राईच्या नियमानं त्यानं झाडाला नुसता हात लावला, तरी माझं चढणं मोजलं जाणार नव्हतं. पण त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि मान वर केली.

"डावा पाय ईतभर वर घे. गाठ हाय तितं. घावली? आता उजवीकडची जाड फांदी धर, ती न्हाई मोडत."

"तुला काय ठाऊक? तू कवा चढलायस?"

"मनात लय येळा चढलोय. गप हलीव."

हलवली. जांभळांच्या भारानं बाया गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतल्या. मग एकेक पाऊल सांगत त्यानंच मला खाली आणलं.

राईचा निवाडा करणाऱ्या आबांनी त्याला विचारलं, "झाडाला शिवलास का रं?"

त्यानं तळवे पुढं केले. सगळ्यांचे हात जांभळे झालेले, त्याचे तेवढे कोरे.

"मग झाड ह्यांचंच," आबा म्हणाले.

घरी आलो आणि वडिलांना शेंड्यावरून काय काय दिसलं ते सांगायला लागलो. मुंबईच्या अलीकडंच थांबलो. मग झालं तसं सांगून टाकलं.

"फुडच्या साली त्याला संगं घे," वडील म्हणाले. "दोघं चढा. आबास्नी मी सांगतो."