बायकोच्या जिभेचा हेवा

भूगावच्या आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर सहा वर्षं मी हॉटेलांबद्दल लिहीत होतो. नोकरी पिरंगुटच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात झाली. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून मी जेवणं तपासायला लागलो. चांदणी चौकापासून पौडपर्यंत दर महिन्याला कुठे ना कुठे नवीन पाटी लागते. आम्ही दोघं जायचो, जेवायचो आणि घरी आल्यावर मी लिहायचो. पनीर ताजं होतं का, वाढणारा माणूस हाक मारल्यावर येतो का, मटणात हाडं किती. दहापैकी गुण द्यायचो. भाजी कुठे चांगली मिळते, गावरान अंडी खरी कोणाकडची, हेही लिहायचो. लोक लिफ्टमध्ये भेटले की विचारायचे, "काका, रविवारी पाहुणे आहेत, कुठे नेऊ?" मला ते फार आवडायचं. इतकं, की कधीकधी मी उगाचच लिफ्टने खालीवर करायचो.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. हॉटेलातून परत येताना गाडीत मी बायकोला विचारायचो, "कसं वाटलं?" ती खिडकीतून बाहेर बघत दोन-तीन वाक्यं बोलायची. "डाळ सकाळची होती, वरून नुसती फोडणी दिलीय." किंवा "कोथिंबीर धुतलेली नव्हती, दाताखाली कचकच आली." मी घरी येऊन तेच माझ्या भाषेत, मुद्दे घालून लिहायचो. ते माझं मत नव्हे असं मला कधी वाटलंच नाही. तीसेक वर्षांच्या संसारात तुझं-माझं कोण करतो?

मग गेल्या वर्षी मला सर्दी-तापाने धरलं. चार-पाच दिवस तोंडाला चव नाही, नाकाला वास नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या बाई कोळवणला तांदूळ आणायला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर ही गेली. येताना आंबेमोहोर घेऊन आली. दोन दिवसांनी मी सोफ्यावर काढा पीत बसलो होतो. ही समोरच्या खुर्चीत मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती, एका बोटाने. माझा मोबाइल वाजला. बघतो तर ग्रुपवर तिचं.

"कोळवणहून आंबेमोहोर आणला. वास खरा आहे, शिजताना जिन्यापर्यंत जातो. पेज आणि तूपभात छान होतो. मसालेभात करू नका. मी केला, त्याचा गोळा झाला, आम्ही तो चमच्याने कापून खाल्ला."

एवढंच. गुण नाहीत, मुद्दे नाहीत. तासाभरात ग्रुप हसून हसून लोटपोट. "काकू, लिहीत जा हो." "काकू, खरं बोलणारं माणूस भेटलं." खरं बोलणारं! म्हणजे मी सहा वर्षं काय बोलत होतो? मी तिला म्हटलं, "छान लिहिलंस." आणि काढ्याचा पेला सिंकमध्ये जरा जोरातच ठेवला.

त्यानंतर ती लिहायला लागली. फार नाही, आठवड्यातून एखादं. भूगावातल्या एका मोठ्या हॉटेलबद्दल तिने लिहिलं की तिथल्या तीन वेगवेगळ्या भाज्यांची ग्रेव्ही एकच आहे, डोळे मिटून खाल्लं तर नाव सांगता येणार नाही. पुढच्या वेळी आम्ही तिथे गेलो तेव्हा मालक स्वतः टेबलाशी आला. हात पुढे बांधून तिला म्हणाला, "मॅडम, आता वेगळ्या करतोय. जरा बघा ना." मी शेजारी बसलो होतो, हातात चमचा घेऊन. त्या मालकाला मी पूर्वी दहापैकी आठ दिले होते. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी चोरून मोजायला लागलो. तिच्या लिहिण्याला किती अंगठे, माझ्याला किती. ती आंघोळीला गेली की मोजायचो. मी जास्त लांब लिहायला लागलो, फोटो टाकायला लागलो. एकदा पिरंगुटजवळच्या थाळीवर चांगलं पानभर लिहिलं. त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने एकच ओळ टाकली, "काका, काकूंना आवडलं का?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "पित्त झालंय का?" मी हो म्हटलं.

हे सांगायला लाज वाटते, पण मला तिचा राग यायचा तो ती शांत असायची म्हणून. तिला काही मिळवायचं नव्हतं. मोबाइल ठेवून ती मेथी निवडायला बसायची आणि इकडे लोक तिचं कौतुक करत असायचे. ती ते संध्याकाळी वाचायची. मी तिच्याआधी सगळं वाचून मोकळा झालेला असायचो.

मग कासार आंबोलीचं झालं. तिथे एका बाईने आपल्या घराच्या पडवीत शनिवार-रविवार जेवण घालायला सुरुवात केली होती. त्यांच्या जमिनीचा वरचा तुकडा बंगल्यांना गेला होता, खालची भातशेती होती. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, मग त्या कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी आणि भात करायच्या. आम्ही गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, पडवीसमोर भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. बाई चुलीपुढून उठून एकेक भाकरी आणून ताटात टाकत होत्या. मी तीन खाल्ल्या. तिसरी मागताना जरा संकोच वाटला, तर त्याच म्हणाल्या, "घ्या की साहेब, लाजताय कशाला, हितं कोन मोजतंय?"

परत येताना मी गाडीत नेहमीसारखं विचारलं, "कसं वाटलं?"

ती म्हणाली, "मी लिहिणार आहे ना घरी गेल्यावर. तेव्हा वाचा."

ती सहजच बोलली, खिडकीतून बघत. पण माझ्या हातातलं काहीतरी कोणी काढून घेतल्यासारखं मला झालं. आजवर ते शब्द आधी माझ्याकडे यायचे. आता मी ग्रुपमधल्या इतर लोकांसारखाच वाट बघायची?

घरी आल्यावर ती ओले कपडे बदलायला आत गेली. मी बूट न काढता दारातल्या स्टुलावर बसलो आणि लिहिलं. कासार आंबोलीला जाऊ नये. रस्सा पाणचट. भाकऱ्या गार. जागा अस्वच्छ. दहापैकी तीन. पाठवून दिलं.

ती बाहेर आली, मोबाइल उघडला, वाचलं. 

"जागा अस्वच्छ होती?"

"मोरीपाशी चिखल होता."

"पाऊस होता म्हणून चिखल होता."

 तिने मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. त्या दिवशी तिने काहीच लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी मीच विचारलं, "का गं, लिहिणार होतीस ना?"

"काय लिहू? माझा नवरा खोटं बोलला असं?"

तेवढं बोलून ती कुकर लावायला गेली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी तिला त्या बाईंचा फोन आला. आमच्या सोसायटीतली दहा-बारा माणसं शनिवारी जाणार होती, त्यांनी येत नाही म्हणून कळवलं होतं. कारण विचारलं तर त्यांनी माझं लिहिलेलं वाचून दाखवलं होतं. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे इथेच आहेत, त्यांनाच विचारा." फोन तिने माझ्या हातात दिला.

"साहेब," पलीकडून आवाज आला, "भाकरी गार व्हती तर तितंच सांगायचं. मी तव्यावरची दिली असती. तुमी तर तीन खाल्ल्या."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मी येतो उद्या."

शनिवारी मी एकटाच गेलो. बायको म्हणाली नाही, की चला मी पण येते. बाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं की रस्सा चांगला होता, भाकऱ्या गरम होत्या, मी खोटं लिहिलं.

"का वो? आमी तुमचं काय वाकडं केलंय?"

खरं कारण सांगायचं असं मी वाटेत ठरवलं नव्हतं. पण त्या इतक्या सरळ बघत होत्या की दुसरं काही सुचेना. मी म्हणालो, "बायको माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. लोक तिचं ऐकतात. मला ते सोसवत नव्हतं. ती तुमच्याबद्दल चांगलं लिहिणार होती, म्हणून मी आधीच वाईट लिहिलं."

त्यांनी सूप मांडीवर ठेवलं.

"मग बायकोशी भांडायचं. माझ्या रश्श्याला कशाला मधी घेतलं?"

 आलोच होतो म्हणून मी विचारलं, जेवायला मिळेल का. त्या म्हणाल्या, "आज काय न्हाई. मानसं न्हाई म्हनली, मग कोंबडी कोन कापतंय? जावा घरी."

मी घरी येऊन ग्रुपवर लिहिलं. आधी फक्त एवढंच लिहिणार होतो, की कासार आंबोलीबद्दलचं माझं मत चुकीचं होतं. पण चुकीचं आणि खोटं यात फरक आहे, हे तपासणी विभागात मी तरुण पोरांना शिकवत असे. म्हणून सगळं लिहिलं. तीन भाकऱ्या, रस्सा, आणि मी असं का केलं, तेही. 

आणि काय सांगू, त्या लिहिण्याला आजवर माझ्या कुठल्याच लिहिण्याला आली नव्हती एवढी दाद आली. "काका, मोठं मन लागतं." "काका, सलाम." मी वाचत गेलो, वाचत गेलो, आणि मला बरं वाटायला लागलं, जरा जास्तच बरं. किती अंगठे आले ते मी मोजत असताना बायको दारात उभी होती.

"झाले का मोजून?" तिने विचारलं.

मी मोबाइल ठेवला. त्या संध्याकाळी तिने लिहिलं. रस्सा उत्तम, खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजलंय, चव त्याचीच आहे. भाकरी उत्तम. भात मात्र जरा मऊ झाला होता, सांगितलं तर मोकळा करून देतील. दोन शनिवारांत पडवी भरली.

मी ते खोबऱ्याचं वाक्य दोनतीनदा वाचलं. तीन भाकऱ्या मी त्याच रश्श्यात कुस्करून खाल्ल्या होत्या. मला खोबरं कळलंच नव्हतं. तेव्हा मला समजलं की मला अंगठ्यांचा हेवा नव्हता, किंवा नुसता तेवढाच नव्हता. तिच्या तोंडात जे घडत होतं ते माझ्या तोंडात घडत नव्हतं.

मी तिला एकदा विचारलं, तुला हे कसं कळतं? ती म्हणाली, "तुम्ही जेवताना बोलता."

म्हणून मी गप्प बसून जेवायला लागलो. घरी, बाहेर, सगळीकडे. सुरुवातीला कंटाळा आला. मग हळूहळू काही काही कळायला लागलं. आमटीत गूळ आधी घातलाय की नंतर, एवढं कळू लागलं. गेल्या महिन्यात भूगावात एक नवीन छोटं हॉटेल निघालं, एका तरुण जोडप्याचं. तिथे वरण खाताना मला स्पष्ट कळलं की हिंग करपलाय. मी बोललो नाही. दुपारी तिने ग्रुपवर लिहिलं. पोळ्या मऊ, भाजी ताजी, पोरं कष्टाळू आहेत, जाऊन या. हिंगाचं अक्षरही नाही! तिला कळलंच नव्हतं. मला कळलं होतं. मी तासभर गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो, तोंडावर हसू मावत नव्हतं. शेवटी राहवेना. चहा पिताना म्हटलं, "वरणातला हिंग करपला होता, तुझ्या लक्षात नाही आलं वाटतं."

"आलं की," ती म्हणाली. "तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा आत जाऊन त्या मुलीला सांगितलं. पहिलाच दिवस होता त्यांचा. ग्रुपवर कशाला?"

तिने बशीत चहा ओतला.  माझ्या छातीत पुन्हा तेच ओळखीचं काहीतरी कुरतडायला लागलं, आणि या वेळी जिभेचा त्यात काही संबंध नव्हता.