हारूनभाईंचे अठ्ठेचाळीस

निजामपुऱ्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे हारूनभाई सहावीपर्यंत शिकलेले. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा माझ्याकडे, पण टेपरेकॉर्डरची मोटर मला समजावली ती त्यांनी.

गोष्ट १९९२ची. निवृत्त शिक्षक चिंतामणी सरांनी नऊ वर्षांपूर्वी रेडिओला वायर जोडून एक परदेशी मैफल स्पूलच्या टेपवर टिपली होती. एका नामवंत वाद्यवृंद संचालकाने श्रोत्यांसमोर सादर केलेली विसाव्या शतकातली सिंफनी. मूळ ध्वनिफीत तिकडे हरवली होती. तिथल्या संग्रहालयाने सरांकडून तिची कॅसेटवर नक्कल मागवली आणि उलट कळवलं, वेग जास्त वाटतो. नेमका किती, याचा आधार मिळाल्याशिवाय संग्रहात घेता येणार नाही. सर ते पत्र खिशात घालून रोज माझ्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात येऊ लागले.

मी स्पूल लावून मीटर जोडला. संगीतामागे विजेची बारीक गुणगुण होती. ती बरोबर पन्नासवर, म्हणजे आपल्या विजेच्या ठरलेल्या सेकंदाला पन्नास कंपनांवर, आली.

"सर, टेप ठीक आहे. त्यांचेच कान चुकले."

मोटर दुरुस्तीला घेऊन आलेले हारूनभाई बाकावर बसून ऐकत होते. "इंजिनेर, हे मशीन लाइनीच्याच चालीवर फिरतं ना?"

"हो, विजेच्या कंपनांवरच."

"मग तेव्हा लाइन मंद असेल तर टेप मंद फिरली, गुणगुणपण मंद भरली. आज चांगल्या लाइनीवर लावली, दोघी सरळ झाल्या. तुझा मीटर चोरालाच विचारतोय, चोरी झाली का म्हणून."

मी मीटर काढून ठेवला. त्यांनी डब्यावरची तारीख वाचली: एप्रिल १९८३, संध्याकाळी साडेसात.

"त्या उन्हाळ्यात दिवसा लूमचा धोटा मिनिटाला दीडशे फेऱ्या मारायचा. सातनंतर लाइन मंद, की एकशे चव्वेचाळीस. शेठ म्हणायचे, हारून, तूच पट्टा ढिला ठेवतोस. महिनाभर घड्याळ लावून मोजून दाखवल्या त्यांना."

दीडशेला एकशे चव्वेचाळीस, म्हणजे पन्नासला अठ्ठेचाळीस. मी तेवढ्या कंपनांची वीज बनवून मशीनला दिली. सर डोळे मिटून ऐकत राहिले. एका संथ जागी हारूनभाई कुजबुजले, "बंद पडलं काय?"

"नाही हो," सर म्हणाले. "वादक दम घेताहेत."

सगळा खुलासा, फेऱ्यांसकट, आम्ही लिहून पाठवला. तीन महिन्यांनी उत्तर आलं: आधार पटला, फीत संग्रहात घेतली; वेग ठरवणारे म्हणून हारूनभाईंचं नाव नोंदवलं आहे. सरांनी ते पत्र लूमच्या खडखडाटात ओरडून वाचलं.

"नावाचं राहू द्या, सर. आकडा काय लिहिलाय?"

"अठ्ठेचाळीस."

"मग बरोबर हाय," म्हणत ते पुन्हा लूमखाली वाकले.