नारिंगी जाकीट आणि दहा सह्या

मोटरसायकल रेसिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वेग येतो. प्रत्यक्षात दिवस असा जातो: पहाटे पाचला उठायचं, दोन तास व्हॅन हाकायची, तीन वेगवेगळ्या रांगांत उभं राहायचं, आणि मग बारा मिनिटांची रेस. उरलेला वेळ घडीच्या खुर्चीत बसून चहा प्यायचा. माणसाला इतका रिकामा वेळ मिळाल्यावर किस्से साठणारच. माझ्याकडे इतके साठलेत की घरी पाहुणे यायच्या आधी बायको मला बजावते, "रेसचं काही सांगायचं असेल तर आत्ताच मला सांगून मोकळा हो!"

मी स्वतः रेस करत नाही. भित्रा आहे, लपवण्यासारखं काही नाही. लंडनजवळ स्लाऊमध्ये एका फर्मच्या कम्प्लायन्समध्ये काम करतो, म्हणजे दुसरे नियम पाळतात की नाही ते बघतो. क्लबचं नियमांचं पुस्तक आमच्यात फक्त मी वाचलंय, म्हणून मला सगळे 'वकील' म्हणतात.

रेस करतात ते दोघे. एक नितीन भोयर, नागपूरकडचा, ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर टेस्टर, वय बेचाळीस. दुसरे सॅम्युएल पेणकर, म्हणजे आमचे सॅमकाका, वय त्रेसष्ट. काका अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यू घरातले. तरुणपणी लंडनला आले आणि जन्मभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केली. त्यांची मुलं-नातवंडं इंग्रजीतच बोलतात. त्यामुळे मराठीत चिडायचं असलं की काकांना आम्ही लागतो.

आता एक नियम सांगतो, तो लक्षात ठेवा. नवशिक्याने लेदर सूटवर नारिंगी जाकीट घालायचं आणि सगळ्यांच्या मागून सुटायचं. एक रेस पुरी केली की कार्डावर एक सही मिळते. पडलात किंवा बाईक बंद पडली तर सही नाही. दहा सह्या झाल्या की जाकीट उतरतं. काकांचं केव्हाच उतरलं होतं. नितीनचं मात्र दोन सीझन झाले तरी उतरत नव्हतं.

* * *

नोंदणीच्या टेबलावर शीला नावाची गोरी बाई बसते. नाव आपलं, बाकी काही आपलं नाही.

पहिल्याच दिवशी तिने नितीनचा फॉर्म बघितला. जन्मतारीख एक जून. मग काकांचा बघितला. एक जून. "अरे वा, दोघांचा वाढदिवस एकच!" ती खूश झाली. मग मदतनीसाच्या पाससाठी मी माझा फॉर्म पुढे केला. एक जून.

शीलाने चष्मा काढला. आता हिला कसं सांगणार, की शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख आठवली नाही की मास्तर एक जून ठोकून देत. अलिबागचे मास्तर काय, आमचे साताऱ्याचे काय आणि नागपूरचे काय, सगळे एकाच मुशीतले! मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शीलाने बोटांवर नऊ महिने मागे मोजले.

"सप्टेंबरात तुमच्या देशात नेमकं काय असतं?" तिने विचारलं.

"गणपती," नितीन म्हणाला.

शीलाने तिन्ही फॉर्मवर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

* * *

काकांच्या वयाला दर वर्षी डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यांच्या दवाखान्यात नव्याने एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, पुण्याच्या. आपल्याच भाषेतली डॉक्टर मिळाली म्हणून काका हरखून गेले.

बाईंनी रक्तदाब घेतला, छाती तपासली, लांबची अक्षरं वाचून घेतली. मग फॉर्म वाचला आणि विचारलं, "हे कशासाठी म्हणालात?"

"रेससाठी. मोटरसायकलच्या."

"कोण करणार?"

"मीच की!"

बाईंनी पेन उचललं. मग सही करून म्हणाल्या, "तब्येत ठणठणीत आहे. अक्कल तपासायची का, ते फॉर्मवर विचारलेलं नाही."

काका अजून म्हणतात, इतक्या वर्षांत इतकं शुद्ध मराठी त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं.

* * *

रेस करणाऱ्याच्या गळ्यात पत्र्याचा एक बिल्ला असावा लागतो. त्यावर नाव आणि जन्मतारीख. कशासाठी, ते कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

नितीनच्या आईला रेसचा पत्ता नव्हता. एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला आणि याने सवयीने उचलला. गळ्यात बिल्ला, अंगात नारिंगी जाकीट, मागे डांबरी रस्ता!

"गळ्यात काय आहे बापा ते?"

"ऑफिसचं आयडी कार्ड आहे आई."

"पत्र्याचं?"

"इथे पाऊस लय असते. कागदाचं भिजून जाते."

माउलीने जाकिटाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. "तुझी नोकरी गेली का रे नितीन?"

खरं सांगावं तर रेसचं कळणार. नितीनने दोन्ही बाजूंचा विचार केला आणि मान खाली घातली. तेव्हापासून नागपुरात सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे की भोयरांचा इंजिनिअर मुलगा विलायतेत रस्त्याच्या कामावर आहे. आई मात्र खंबीर बाई. लोकांना सांगते, "सरकारी आहे."

* * *

बॅरीशिवाय आमची एकही गोष्ट पुरी होत नाही. बॅरी हा बाइक्स तपासणारा अधिकारी. निवृत्त रेल्वेवाला, हातात क्लिपबोर्ड, चेहऱ्यावर काही नाही. बॅरीने एकदा स्वतःच्या जावयाची बाईक एका सैल स्क्रूसाठी परत पाठवली होती. जावई रेस न करता घरी गेला आणि बॅरी रविवारचं जेवण त्याच्याकडेच जेवला, म्हणतात.

क्लबची तपासणी शनिवारी असते. काका शनिवारी बाईकला हात लावत नाहीत, सब्बाथ पाळतात. त्यामुळे रेसच्या दोन दिवसांच्या मीटिंगमध्ये त्यांना रविवारची एकच रेस मिळते. रविवारी सकाळी तपासणी करून द्या, असा अर्ज मी नियमाचा क्रमांक घालून लिहिला आणि बॅरीकडे नेला.

बॅरीने तो दोनदा वाचला. "म्हणजे याचा धर्म याला शनिवारी घरी बसायला लावतो?"

"होय."

"मंजूर," बॅरी म्हणाला. "पण माझ्या बायकोला कळू देऊ नका."

* * *

याच बॅरीने एकदा नितीनच्या बाईकखाली तेल बघितलं. चांगला रुपयाएवढा डाग! तेल गळणारी बाईक ट्रॅकवर जात नाही. मागच्याचं चाक त्यावरून घसरलं तर तो गेलाच. नितीनचा चेहरा उतरला, कारण ती रेस म्हणजे सातवी सही होती.

बॅरी गुडघ्यावर बसला. ड्रेन प्लग बघितला, फिल्टर बघितला, सगळं तारेने नीट आवळलेलं. तोवर दुसरा थेंब पडला. बॅरीने बोटावर घेऊन वास घेतला. मग त्याने हळूच बोट जिभेला लावलं.

"मँगो?" त्याने विचारलं.

बाईकच्या वर, आमच्या तंबूतल्या फळीवर, नितीनच्या बायकोने, अनघाने, दिलेली लोणच्याची बरणी होती. झाकण सैल होतं, तेल फळीवरून सीटवर आणि सीटवरून खाली.

बॅरीने क्लिपबोर्डवर लिहिलं, 'गळती सापडली. मोटरसायकलशी संबंध नाही.' आणि नितीनला बजावलं, की तेल असलेल्या कुठल्याही वस्तूचं झाकण तारेने आवळलेलं असावं लागतं, तो नियम आहे.

पुढच्या वेळी नितीनने बरणीला तार आवळूनच आणली. बॅरीने झाकण ओढून बघितलं, तार तपासली आणि बरणीवर 'पास'चा स्टिकर लावला. मग म्हणाला की आतला माल नियमात बसतो का, तेही एकदा बघावं लागेल.

* * *

नितीन हळू चालवतो, हे मान्य करायलाच हवं. नवव्या सहीच्या रेसमध्ये तो इतका मागे राहिला की झेंडेवाल्याने झेंडा गुंडाळून काखेत मारला होता. याला येताना बघून बिचाऱ्याने तो पुन्हा सोडला.

"तू येईपर्यंत माझा दुसरा चहा होतो रे," काका म्हणाले.

"सही तेवढीच मिळते काका," नितीन म्हणाला. नऊ झाल्या होत्या.

* * *

आता शेवटच्या रविवारचं सांगतो.

नितीनच्या कंपनीने ब्रॅकनेलचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. ऑक्टोबरात सगळं कुटुंब कायमचं नागपूरला जाणार होतं. त्या कागदपत्रांच्या धावपळीत त्याचा सप्टेंबरच्या मीटिंगचा अर्ज उशिरा गेला आणि सगळ्या जागा भरल्या. त्याचं नाव राखीव यादीत लागलं, पहिल्या क्रमांकावर. सीझनमधली त्याच्या वर्गाची एकच रेस उरली होती, रविवारी दुपारची. काकांचीही तीच.

"त्या सहीचा नागपुरात काय उपयोग आहे?" अनघाने विचारलं.

"काहीच नाही," नितीन म्हणाला. "पण नऊवर थांबते का कोणी?"

मी सकाळी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आपली जागा मित्राला देता येत नाही. ट्रॅकचं फाटक बंद व्हायच्या आत एखादा माणूस आजारी पडला किंवा बाईक बिघडली, आणि ते अधिकाऱ्याने स्वतः तपासून लिहिलं, तरच पहिला राखीव आत जातो. काही लोक मित्रांसाठी खोट्या सबबी सांगायचे म्हणून हा नियम आलेला. खोटं पकडलं गेलं तर दोघांनाही पुढचा सीझन बंद. मी हे दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. काका चहा पीत होते.

अकराच्या सुमाराला देव पावला. शेजारच्या तंबूतल्या गॅरेथची बाईक सुरू होईना! बटण दाबतोय, शिव्या घालतोय, बाईक ढिम्म. मी मनातल्या मनात नारळ बोललो. आणि वळून बघतो तर नितीन तिथे नाही.

तो गॅरेथच्या बाईकशेजारी बसला होता. बॅटरीची वायर सैल होती, ती त्याने आवळली. बाईक एका झटक्यात सुरू झाली. गॅरेथने त्याला मिठी मारली.

"अरे गाढवा," मी म्हणालो, "तुझी जागा होती ती!"

"सुरूच नव्हती होऊन राहिली बे त्याची," नितीन म्हणाला. मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं, की मी जाऊन व्हॅनमध्ये बसलो.

दुपारी तीनला सगळ्या बाइक्स फाटकाशी लागल्या. नितीन बाईक घेऊन बाजूला उभा, हेल्मेट चढवलेलं, नारिंगी जाकीट घातलेलं. फाटकावर बॅरी. एकेक बाईक मोजत तो आत सोडत होता. सगळे आले होते. गॅरेथने जाता जाता नितीनला अंगठा दाखवला. फाटक बंद व्हायला दोन मिनिटं उरली आणि बाहेर फक्त काका राहिले.

काका रांगेतून बाहेर पडले, बाईक चालवत बॅरीसमोर आले, थांबले आणि हेल्मेटची काच वर केली.

"बाईक सुरू होत नाहीये," ते म्हणाले.

बाईक त्यांच्याखाली धडधडत होती.

मीटिंगमधली एकच रेस, सीझनमधली शेवटची, आणि वर पुढच्या वर्षीची बंदी. त्रेसष्टाव्या वर्षी एक सीझन जाणं म्हणजे काय, ते मला सांगायला नको होतं. मी फाटकाकडे धावलो.

बॅरीने काकांकडे बघितलं. नितीनकडे बघितलं. मग क्लिपबोर्ड काखेत धरला, गुडघा टेकला आणि कान इंजिनाजवळ नेला. काकांनी, बहुधा सवयीने, थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला. बॅरीची टोपी हलली.

तो बराच वेळ ऐकत राहिला.

"खरंच की," उठत उठत बॅरी म्हणाला. "आवाजसुद्धा नाही." त्याने क्लिपबोर्डवर लिहिलं, 'तपासली. सुरू होत नाही.' खाली सही केली, नितीनला हाताने आत जायची खूण केली आणि फाटक लावून घेतलं. मग काकांकडे वळून कडक आवाजात म्हणाला, "बंद पडलेली बाईक पॅडॉकच्या आवारात चालवत न्यायची नाही. ढकलत न्यायची."

काका निमूट उतरले आणि बाईक ढकलत निघाले.

बारा मिनिटांनी नितीन शेवटून दुसरा आला आणि कार्ड घेऊन थेट सहीला गेला. काका अजून तंबूकडच्या चढावरच होते, दोन्ही हातांनी बाईक ढकलत. इंजिन चालू होतं.